गुसीची शिट्टी

मेर्ले छत्री मिटत नाट्यगृहाच्या मागच्या दाराने आत आली, आणि किल्ल्या सांभाळणाऱ्या झीबेल आजोबांचे डोळे लकाकले.

“अगं, तू सिनेमातली गुसी ना? एकदा ती शिट्टी वाजव की!”

नऊ वर्षांची असताना मेर्लेने गुसी साकारली होती... दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारणारी, फटीच्या दातांची खोडकर पोर. आता ती सत्तावीसची होती. दातांतली फट केव्हाच बुजली होती. पण पावाच्या दुकानात, ट्राममध्ये, अगदी दातांच्या डॉक्टरकडेही लोक शिट्टीच मागत. सवयीने तिची बोटं तोंडाकडे गेली.

शिट्टी घुमली, आणि रंगमंचावरची ठोकाठोक थांबली.

“कोण ते?” पडद्याआडून विस्कटलेल्या केसांचा एक तरुण धावत आला. “बाई, पूर्वी इथे गॅसचे दिवे होते. दिवा विझला की सुटलेला गॅस असाच वाजायचा. म्हणून नाट्यगृहात शिट्टी मारायची नाही. आजही नाही!”

मेर्लेचे कान लाल झाले. “सिनेमात असलं काही नसतं—”

“ठाऊक आहे. मी हेनिंग, इथला प्रॉम्प्टर. तुला लहानपणापासून ओळखतो. दर नाताळात टीव्हीवरून आमच्या घरी यायचीस, दार न वाजवता. माझ्या बहिणीपायी तुला अकरा वेळा सोसलंय.”

“बिच्चारा!” मेर्ले म्हणाली, आणि दोघंही हसले.

मुलगी मोठी झाली, तसे सिनेमावाले फिरकेनासे झाले होते. मेर्ले रडत बसली नाही. ती नाट्यशाळेत शिकली, गावोगाव तिने मोलकरणींच्या भूमिका केल्या. आता ग्योर्लित्स शहरातल्या या नाट्यगृहात पहिली मोठी भूमिका मिळाली होती, मुलाचं शेवटचं पत्र वाचणाऱ्या आईची. लोकांना तिच्यात आई दिसली नाही, गुसीच दिसली, तर पुन्हा मोलकरणीच वाट्याला येणार होत्या.

तालमीत पत्र वाचून ती गप्प झाली, की हेनिंग रंगमंचाच्या कडेला असलेल्या प्रॉम्प्टरच्या खोक्यातून लगेच पुढचं वाक्य पुटपुटे.

“मला आठवत होतं!”

“मला कसं कळणार?”

“माझ्याकडे बघ ना जरा.”

“तेच तर करतो दिवसभर,” तो म्हणाला, आणि संहितेत डोकं खुपसून बसला. शेवटी ठरलं, खरंच विसरली तर तिने कानाच्या पाळीला हात लावायचा.

पहिला प्रयोग रविवारी दुपारी होता. मेर्लेने पत्र वाचलं, आणि थांबली. एक श्वास... दोन... पाच. सभागृहात कुणी खोकलं नाही. विंगेतून दिग्दर्शक हेनिंगला हाताने खुणा करू लागला, सांग, सांग! मेर्लेची नजर खोक्याकडे गेली. हेनिंगने तिच्याकडे पाहिलं आणि संहिता अलगद मिटून मांडीवर ठेवली.

मग ती आई बोलली. पहिल्या रांगेतली एक आजी हुंदके देत होती.

मेर्ले बाहेर पडताना झीबेल आजोबा उठून उभे राहिले. टोपी काढली. “या हं, मेर्लेबाई.” शिट्टीचं नावही नाही.

पण हेनिंग कुठे होता? चौकापलीकडे, रिमझिम पावसात, ट्रामच्या थांब्यावर. ट्राम वळणावर दिसत होती. हाक पोचली नसती. मेर्लेने दोन बोटं तोंडात घातली...

हेनिंग वळला. ट्राम त्याच्याविनाच गेली.

“कुणी मागितली शिट्टी?” तो धापा टाकत आला.

“कुणीच नाही. पहिल्यांदाच, माझ्या मनाने.”

मग ती पुढे काहीतरी सांगायला गेली, आणि शब्दच हरवले. तिने हळूच कानाच्या पाळीला हात लावला.

हेनिंग छत्रीखाली वाकला, आणि तिच्या कानात एक छोटंसं वाक्य म्हणाला.

“हे तर तुझं वाक्य आहे,” मेर्ले हसली.

“हो. पण पाठ दोघांनाही आहे... ना?”


“आहे,” ती म्हणाली.