सहावी ओटी

सहासष्ट सालचा भादवा. पारोळ्याच्या बेबाबाईचा नवरा झुलाल धुळ्याच्या दवाखान्यात विषमज्वराने पडून होता. अकरावा दिवस, आणि ताप उतरायचं नाव नाही. सकाळी डॉक्टर नाडी पाहून मान हलवत पुढच्या खाटेकडे वळले, तेव्हा तिने मनातल्या मनात एकवीरेला बोलून टाकलं, ‘माय, दिवे लागायच्या आत पाच सवाष्णींच्या ओट्या भरीन. तेवढं माझं कुंकू सांभाळ.’

बोलली खरी, पण या गावात तिच्या ओळखीचं चिटपाखरू नव्हतं. पाच खण, पाच नारळ, तांदूळ पिशवीत घेऊन ती एकवीरेच्या देवळाच्या पायरीवर बसून राहिली. शेजारी हिरव्या लुगड्यातली एक बाई बसली होती. कपाळभर मळवट.

“कोठली शे तू, माय?”

“पारोळ्याची. पाच सवाष्णी हव्यात, अक्का. कुठं जाऊ, कळत नाही.”

“तेवढंच ना? मी भिकुबाई. चाल, तुले बठ्ठं धुळं दखाडस. सगळं गाव दाखवते, घरंही.”

पांझरेचा पूल ओलांडून दोघी गावात शिरल्या. भिकुबाई मोठ्या हौसेने दाखवत होती. हा पाच कंदिलाचा बाजार, ती लांब दिसते ती गिरणीची चिमणी.

“आमच्या धुळ्यात गल्ल्यांना नंबर शेतस. गल्ल्या सरळ, माणसंच तेवढी वाकडी!”

अकरा दिवसांत बेबाबाईला पहिल्यांदा हसू आलं. भर बाजारात भिकुबाईला कोणी वाट देत नव्हतं, आणि तिचा धक्काही कोणाला लागत नव्हता, हे बेबाबाईच्या ध्यानात आलं. पण मन नवसात गुंतलेलं.

पहिल्या गल्लीत एक दार नुसतं लोटलेलं होतं. आत पाटावर एक बाई बसलेली, वाट पाहत असल्यासारखी. हिरवं लुगडं, मळवट. कुंकू लावताना बोटाला कपाळ रांजणाच्या पोटासारखं गार लागलं. चूल विझलेली. सुकल्या झेंडूचा आणि ओल्या मातीचा वास. दुसऱ्या गल्लीतही तसंच. तिसऱ्या गल्लीतही तेच हिरवं लुगडं, तोच वास...

चौथ्या घरातल्या बाईने पदर पसरला, तर त्यात आधीच एक नारळ होता. वाळून मुठीएवढा झालेला.

“ही ओटी कोणी भरली, अक्का?”

“सासूनं... मला नेताना. बारा वर्षं झाली.”

बेबाबाईचा हात तांदळातच थांबला.

“आज... तिथी कोणती?”

“नवमी,” भिकुबाई हळूच म्हणाली. “अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या सवाष्णींचा दिवस. आम्हाला बोलवायला कोणी राहिलं नव्हतं, माय... तू आलीस.”

बेबाबाई एक उपास, एक तिथी कधी न चुकवलेली बाई. पण दवाखान्याच्या खाटेपाशी तिथीचं भान सुटलं होतं. दार उघडं होतं. पळता आलं असतं. पण बाहेर ऊन भिंतीवर चढलं होतं, पाचवी ओटी उरली होती, आणि झुलालचे फुटलेले ओठ डोळ्यांपुढून हलत नव्हते. चौथीची ओटी तिने पुरी केली. मग पाचवी भिकुबाईची भरली.

मान वर केली तर पाचही जणी समोर उभ्या. दार वाजलं नव्हतं.

“आता तुझी भरतो.”

“माझी कशाला...?”

“रिती कशी धाडायची? कुंकू राखायची आम्हाला एकच वाट ठाऊक... आधी जायची. बळजबरी नाही, माय. नको असेल तर नको म्हण.”

बेबाबाईने देवीचं नाव घेतलं, डोळे मिटले आणि पदर पसरला. पदरात काहीतरी जड पडलं.

दवाखान्यात पोचली तेव्हा दिवे लागत होते. झुलाल उशीला टेकून बसला होता. घामाने सदरा भिजलेला, ताप पार उतरलेला, हातात चहाची कपबशी. बेबाबाईचे डोळे भरून आले. एकवीरा पावली होती! ती धावत खाटेपाशी गेली.

झुलालने तिच्याकडे पाहिलं, परक्या बायकांकडे पाहावं तसं, अदबीने. मग तिच्या खांद्यामागे पाहिलं आणि चादर सावरली.

“या अक्का, बसा... सहाच्या सहा जणी आलात? इथं जागा कमी आहे.” तो दाराकडे पाहत म्हणाला, “आमची बेबा जरा बाहेर गेलीय. येईलच इतक्यात.”