सतरा जणांचा कोपरा

दार चुकलं म्हणून तो भेटला. गुडघाभर बर्फातून प्रचाराची पत्रकं घेऊन मी ओल्सनांचं घर शोधत होते आणि दार उघडलं ते सोरेनने... हातावर लाकडाचा भुसा, कानामागे पेन्सिल.

"हॉलिसबाईंच्या बाजूने या," मी कुडकुडत म्हटलं.

"मी ब्रँटचा माणूस. पण आधी आत या, गोठाल."

त्यानंतर तीनदा गेले. कधी पत्रक द्यायचं राहिलं म्हणून, कधी... उगीचच.

"या रस्त्यावर मी एकटाच मतदार आहे का?" तिसऱ्या वेळी त्याने विचारलं.

"हट्टी तू एकटाच आहेस."

आणि आज, शाळेच्या जिममध्ये, तो समोरच्या कोपऱ्यात ब्रँटवाल्यांचा म्होरक्या म्हणून उभा होता. आमच्या आयोवात पक्षाचा उमेदवार असाच ठरतो – चिठ्ठी नाही, पेटी नाही. ज्याला निवडायचं त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. आज निदान अठरा जण जमले तरच कोपरा टिकणार होता. मोडला, तर त्यातल्यांनी दुसरीकडे जायचं.

हॉलिसबाईंच्या कोपऱ्यात आम्ही सतरा होतो.

सतराही जणांच्या विहिरी डुकरांच्या खताने नासल्याचं तपासणीत निघालं होतं. वेसलीबाई दोन वर्षं नातवाच्या दुधासाठी विकतचं पाणी आणत होत्या. हॉलिसबाईंखेरीज पाण्याचं नाव कुणी काढत नव्हतं. आता काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, अधिवेशनात आमचा प्रतिनिधी गेला नाही, तर पक्षाच्या जाहीरनाम्यात पाणी येणारच नव्हतं.

"कोपरा बदलायला पंधरा मिनिटं," अध्यक्ष म्हणाले.

तिसरा उमेदवार केसलर; त्याचे लोक लगेच आले. "या आमच्याकडे. एक प्रतिनिधी तुमचा."

मी सोरेनकडे पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता. पाय तिकडे ओढत होते, म्हणूनच त्यांच्यावर माझा विश्वास नव्हता.

"मरीट, पोरी, जायचं तर जा की तिकडे," वेसलीबाई म्हणाल्या.

"मनात आहे म्हणूनच जात नाहीये."

"मनात असलं म्हणून भाव करता येत नाही, असं कुणी सांगितलं तुला?"

मी एकटीच जिम ओलांडून सोरेनकडे गेले. "सतरा माणसं आहेत. प्रतिनिधी एक आमचा. आणि पाण्याचा ठराव तुमच्या कोपऱ्याने मांडायचा."

त्याचं हसू मावळलं. "माझ्यामागे निम्मे डुकरं पाळणारे आहेत, मरीट. खताला आळा म्हटलं की..."

"माहीत आहे."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर केसलर," मी म्हटलं.

तो बाकावर चढला. "आपल्या शेतातलं पाणी यांच्या विहिरीत उतरतंय. ठराव आपणच मांडायचा, असं माझं म्हणणं आहे."

"त्या पोरीपायी डोकं फिरलंय तुझं," मागून कुणीतरी म्हणालं.

"फिरलं असेल. पण तपासणी पाण्याची झालीय, डोक्याची नाही."

चौघे तरातरा केसलरकडे निघून गेले. बाकीच्यांचे हात हळूहळू वर झाले.

वेसलीबाईंचा हात धरून मी आमची सगळी माणसं घेऊन आले आणि त्याच्या शेजारी उभी राहिले.

"पाण्यासाठी आलीस?" त्याने हळूच विचारलं.

"पाण्यासाठी."

"आणि माझ्यासाठी कधी येणार?"

मोजणी सुरू झाली होती, जागचं हलायची परवानगी नव्हती. त्याचा हात माझ्या हातापासून बोटभर लांब... अध्यक्ष एकेकाच्या खांद्याला हात लावत येत होते. सोरेन – एकेचाळीस. मी – बेचाळीस.

ते पुढे सरकले, आणि मी ते बोटभर अंतर ओलांडलं.