गीझर तापेपर्यंत

बाथरूमच्या दाराबाहेर भिंतीवर दोन बटणं होती, एक दिव्याचं आणि एक गीझरचं. दोन्ही चालू होती. रात्री कोणीतरी विसरून गेलेलं दिसतंय, असं मनाशी म्हणत सुनीतीने दोन्ही बंद केली, खांद्यावरची पिशवी सावरली आणि दार ढकललं. दार हललं नाही.

"अहो—" आतून आवाज आला. "बाहेर कोण आहे?"

सुनीती एक पाऊल मागे सरकली.

"जे कोण असाल त्यांनी दिवा लावा. माझ्या डोळ्यांत साबण गेलाय… आणि हातातला साबण कुठे गेला तेही दिसत नाहीये."

तिने घाईने दोन्ही बटणं दाबली. "सॉरी," ती दाराला म्हणाली. "पाण्याचा आवाज नव्हता, म्हणून वाटलं आत कोणी नाही."

"साबण लावताना मी नळ बंद ठेवतो. पाणी वाचतं."

"मी वीज वाचवत होते."

आत कोणीतरी मोठ्याने हसलं, आणि तळघरातल्या त्या रिकाम्या पार्किंगमध्ये ते हसू चांगलंच घुमलं.

२००६ सालचा नोव्हेंबर होता. हिंजवडीतल्या त्या कंपनीने तळघरात एक बाथरूम बांधलं होतं ते ड्रायव्हर लोकांसाठी, पण ड्रायव्हर तिकडे फिरकत नसत. सुनीती मूळची परभणीची. फिजिक्समध्ये एम. एस्सी. केलेली, आणि इथे दवाखान्यातल्या यंत्रांचं सॉफ्टवेअर तपासणारी. जवळच्या नांदे गावात सगुणाबाई नावाच्या घरमालकिणीकडे तिने खोली घेतली होती. कंपनीची गाडी नांद्यापर्यंत येत नसे, म्हणून चांदे, माण अशी गावं ओलांडत ती सायकलने यायची. वाटेत उसाचा ओला वास आणि कापलेल्या भाताची खाचरं लागायची, आणि माणच्या पुढे मातीचे डंपर. पोचेपर्यंत भुवयांवर सुद्धा धूळ बसलेली असे. तशा अवतारात मीटिंगला बसणं तिला जमणारं नव्हतं.

दार उघडलं. खांद्यावर पंचा, ओले केस, लालभडक डोळे.

"विश्राम," तो म्हणाला. "चौथा मजला. बावधनहून येतो, सायकलने."

"सुनीती. दुसरा मजला." तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "नाव विश्राम, आणि रोज बावधनहून सायकल?"

"नाव ठेवताना मला कोणी विचारलं नाही." तो बाजूला झाला. "आता अर्धा तास थांबावं लागेल तुम्हाला. या गीझरमध्ये एकच बादली गरम पाणी मावतं. दुसरी हवी तर बसायचं."

ती पायरीवर बसली. आणि तोही बसला.

त्याची आंघोळ झाली होती. त्याने थांबायचं काहीच कारण नव्हतं. हे तिच्या तेव्हाच लक्षात आलं, पण तिने ते बोलून दाखवलं नाही.

मग तो नेमच झाला. आधी येईल त्याची पहिली बादली. दुसऱ्याने पायरीवर बसायचं, आणि पहिल्याने, काही गरज नसताना, त्याच्याशेजारी बसायचं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. तो कुडाळकडचा, बोलायला लागला की नदी, आजोळ, मासे, सगळं एकात एक येई. ती कमी बोलायची, पण मध्येच असा एखादा नेमका प्रश्न टाकायची की तो थांबून विचार करी.

सफाईचं काम करणाऱ्या रत्नाबाई माणच्या. फरशी पुसत पुसत पायरीपाशी येऊन थांबायच्या.

"उठा की आता. पायरी पुसायची हाय."

"गीझर तापतोय, रत्नाबाई," विश्राम म्हणायचा.

"तुमची अंगूळ झाली न्हवं? मंग तुमी कशापायी तापताय हितं?"

सुनीती मान खाली घालून पिशवीत कंगवा शोधू लागायची, हातात असलेला.

एके दिवशी ती आंघोळ करून बाहेर आली. आरशावर वाफ धरली होती, त्यामुळे टिकली अंदाजानेच लावलेली.

"थोडी डावीकडे," तो म्हणाला.

"माझ्या डावीकडे, की तुझ्या?"

"तुझ्या."

तिने सरकवली.

"जरा जास्त झाली. थांब—" त्याचं बोट उचललं गेलं, तिच्या कपाळापर्यंत आलं… आणि तसंच मागे फिरलं. त्याने तेच बोट स्वतःच्या कानामागे खाजवलं. "राहू दे. अशीही छान दिसते."

त्या दिवशी सुनीतीने दुसऱ्या मजल्यावर एकच चाचणी तीनदा लावली, आणि तिन्ही वेळा निकाल बघायची विसरली.

डिसेंबरात डंपरांच्या धुळीने तिला खोकला धरला. पायरीवर बसल्या बसल्या ढास लागायची.

"ताई, तुमी आल्या आल्या गरम पाणी घेत जावा," रत्नाबाई म्हणाल्या. "घामाच्या अंगानं गार फरशीवर बसताय, खोकला वाढंल न्हाई तर काय."

विश्रामने गीझरच्या बटणाकडे पाहिलं. आणि दुसऱ्या दिवसापासून तो पायरीवर दिसेनासा झाला.

म्हणजे यायचा. त्याची सायकल खांबाला लावलेली असे. बाथरूमची फरशी ओली असे, दोरीवर त्याचा पंचा ठिबकत असे. पण माणूस वर निघून गेलेला. पाणी तयार, थांबायचं कारण नाही. ती लगेच आंघोळ करून मोकळी व्हायची आणि मग उगाचच पायरीवर बसायची. एकटीच.

एकदा तो जिन्यात भेटला.

"हल्ली फार लवकर येतोस."

"हो… काम आहे जरा." त्याने तिच्याकडे न बघता नाक पुसलं. "खोकला कसा आहे?"

"बरा आहे."

"मग छान." आणि दोन दोन पायऱ्या चढत तो गेला सुद्धा.

त्या टिकलीच्या दिवशी आपण काही चुकीचं वागलो का? डावी-उजवी विचारली, ते त्याला शिष्टपणाचं वाटलं? की कोणाचं बोट कपाळापर्यंत आलं आणि आपण मागे झालो नाही, हेच त्याला खटकलं? सुनीती रात्रभर विचार करी आणि सकाळी पेडल मारताना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी.

त्यातच कंपनीने सांगितलं की सोमवारपासून बस नांद्याच्या फाट्यावर थांबेल. ज्यांना हवी त्यांनी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं. परभणीहून आईने फोनवर निक्षून सांगितलं, "ते धुळीतलं येणं-जाणं बंद कर. बसच घे." सुनीतीला नाही म्हणायला कारण सुचेना. होतं ते कारण आईला सांगता येण्यासारखं नव्हतं, आणि आता तर ते पायरीवर बसतही नव्हतं. शुक्रवारी हो म्हणून टाकू, असं तिने ठरवलं. सायकल सुटली की तळघर सुटलं, आणि तळघर सुटलं की विश्रामही.

गुरुवारी ती बाथरूमच्या दारापाशी पोचली आणि तिची नजर गीझरच्या बटणाकडे गेली. बटण चालू होतं. आत गेल्यावर पाहिलं तर गीझरवरचा लाल दिवा विझलेला. म्हणजे पाणी पूर्ण तापलेलं. फरशी मात्र अजून ओलीच, आणि पंच्यातून अजून थेंबांची धार. ती जागच्या जागी थांबली. पंधरा-वीस मिनिटांपूर्वी कोणी गरम पाणी घेतलं असेल, तर गीझर अजून तापत असायला हवा. तिने आरशावर तळहात फिरवला. काच कोरडी ठणठणीत. वाफेचा मागमूस नाही.

रोज हीच काच आपण पाहतोय, आणि एकदाही विचार केला नाही, असं वाटून तिला स्वतःचाच राग आला. तो गार पाण्याने आंघोळ करत होता. जानेवारी लागलेला, पहाटे मुळशीच्या बाजूने वारा येतो तो हाडात शिरतो, अशा थंडीत. येताच गीझर लावायचा, गार पाणी अंगावर घ्यायचं, आणि तापलेली बादली खोकणाऱ्या मुलीसाठी सोडून वर जायचं.

शुक्रवारी ती नांद्याहून अंधारातच निघाली.

तळघरात पोचली तेव्हा बाथरूमचं दार आतून बंद होतं. पाणी ओतल्याचा आवाज, आणि प्रत्येक तांब्यामागून "आई गं…" पुन्हा तांब्या, पुन्हा "आई गं…" सुनीती पायरीवर बसून राहिली. हसूही येत होतं, आणि उठून दार वाजवावंसंही वाटत होतं.

तो बाहेर आला. ओठ निळसर, दातांवर दात वाजत होते. तिला पाहून तो दारातच थबकला.

"तू… इतक्या लवकर?"

"किती दिवस चाललंय हे?"

"काय?"

"विश्राम."

तो शेजारी येऊन बसला. अंगाला कापरं भरलेलं. "तुला घामाच्या अंगाने थांबावं लागू नये म्हणून. आणि गरम पाणी मी घेतलं असतं, तर तू येईपर्यंत दुसरी बादली तापली नसती."

"मग वर का पळायचास? गार पाण्याने आंघोळ करून इथे बसता आलं असतं."

"असा? कुडकुडत? तुला कळलं असतं, आणि मग तू ते पाणी घेतलं नसतंस."

तिने मफलर काढला आणि त्याच्या गळ्यात टाकला. दोन्ही टोकं मात्र सोडली नाहीत.

"मी परभणीची आहे," ती म्हणाली. "आमच्याकडे थंडीत बादलीतल्या पाण्यात हात घातला की बोटं आपली वाटत नाहीत. मी बारावीपर्यंत गार पाण्यानेच आंघोळ केली. मला गरम पाण्याचं काही अप्रूप नाही."

"मग रोज अर्धा तास थांबायचीस कशाला?"

आता गप्प बसता आलं असतं. सुनीतीला ते चांगलं जमायचं. पण संध्याकाळपर्यंत बसचं कळवायचं होतं.

"तू बसायचास म्हणून," ती म्हणाली. "पाणी तापू नये असं वाटायचं मला. मग तू यायचा बंद झालास, आणि मला वाटलं तुला नकोय… मी. आज बससाठी नाव देणार होते."

विश्राम तिच्याकडे वळला. मग हळूच म्हणाला, "मी चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत उभा राहायचो. तू सायकल घेऊन तळघरात शिरेपर्यंत. तेवढंच."

"वेडा आहेस."

"आहे." तिच्या मुठीतल्या मफलरसकट तो जरा जवळ सरकला. "नाव देणार आहेस?"

"नाही."

रत्नाबाई बादली घेऊन आल्या, दोघांना पाहिलं आणि थांबल्या. पायरी पुसायची आज त्यांना काही घाई दिसली नाही. फडकं पिळत त्या दुसऱ्या टोकाकडे निघून गेल्या.

"सुनीती…"

"हं?"

"परभणीला खरंच इतकी थंडी असते?"

"का?"

"तुझ्या आई-बाबांना भेटायला यायचं म्हणतोय. आमच्या कुडाळात स्वेटर घालत नाहीत, माझ्याकडे एकही नाही." त्याने घसा साफ केला. "एक घेतला तर पुरेल का?"

सुनीतीने त्याच्या निळ्या ओठांकडे पाहिलं, लाल झालेल्या नाकाकडे पाहिलं.

"दोन घे," ती म्हणाली. "उन्हाळ्याची वाट बघत बसू नकोस."