भरतीनं परत आणलेली चप्पल

"डब्या, नाक धर! आणि तोंड मीट, नाहीतर वास पोटात जाईल!"

खारूनं धाकट्या भावाला दम दिला खरा, पण उमासे तिलाच येत होते. ओहोटीनं खाडीचा तळ उघडा पडला होता. समोर मावशीचा शिंपल्यांचा वाफा होता, काठ्या रोवून आखलेला, तिनं लेकरासारखा वाढवलेला! दर सुट्टीत या चिखलातून शिंपल्यांच्या बारीक पिचकाऱ्या उडायच्या आणि कुणाचं थोबाड आधी भिजतं यावर मुलांच्या पैजा लागायच्या. आज एकही पिचकारी उडेना. शिंपले आ वासून पडले होते आणि आतलं मांस काळं पडलं होतं.

"सगळे मेले," मावशीचा मुलगा घारू म्हणाला. त्याचे घारे डोळे रडून लाल झाले होते. "आई म्हणते, आता इथे राहून खायचं काय? ती शहरात कुणाकडे तरी स्वयंपाकाला राहणार. आणि मला वसतिगृहात टाकणार."

"काहीतरीच! आपण शोधून काढू ना, कशानं मेले ते!" खारू म्हणाली.

"शोधायचं काय त्यात? मासे साफ करायची ती शेड! त्यांची घाण मोरी खाडीतच सुटते!"

झालं! तिघं चिखल तुडवत मोरीकडे निघाले. मोरीच्या तोंडाशी पाणी इतकं घाण होतं की डबासुद्धा खाऊचं नाव काढेना. आणि हा डबा सदा काहीतरी चघळत असायचा, म्हणून तर हे नाव! घारूनं चिखलात हात घातला मात्र, फुर्रर्र! पिचकारी थेट डब्याच्या नाकात!

"ईऽऽऽ! जिवंत आहे!"

एक नाही, चांगले पसाभर जिवंत शिंपले निघाले. घाण खाऊन ढिम्म!

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो आपण," खारू म्हणाली. "शेडवाले संन्यासी नाहीत म्हणा, पण वाफा त्यांनी मारला नाही."

परतताना ते जागोजागी चिखल उकरत आले. वाफा जवळ येत गेला तसे जिवंत शिंपले कमी कमी होत गेले. वाफ्यातला चिखल खारूनं बोटांत चोळला. काहीतरी खरखरीत लागलं. लाल रंगाचे कपचे होते, लसणाच्या सालीसारखे पातळ.

हा लाल रंग ती ओळखत होती! पण तिनं मूठ मिटून घेतली आणि दोघांना घराकडे पिटाळलं.

जेवायला मामा समोरच बसला होता. मामाचा खाडीच्या पलीकडच्या काठावर होड्या दुरुस्तीचा कारखाना. त्याची नखं बारा महिने लाल असायची. याच मामानं तिला पोहायला शिकवलं होतं, बुडायला लागली की वेणी धरून वर काढायचा. आणि हाच मामा होडीच्या तळाला रंग लावताना मिशीला पीळ देऊन म्हणायचा, "हा साधा रंग नव्हे, खारूताई! होडीला शिंपला चिकटला रे चिकटला की खलास!"

खारू ताटातला भात नुसता चिवडत होती. बोललं तर मामा जातो, नाही बोललं तर मावशी आणि घारू जातात. करावं तरी काय?

सकाळी तिनं घारूला मूठ उघडून दाखवली.

"खोटं!" घारू ओरडला. "मामा आईचा सख्खा भाऊ आहे!"

"मग चल, त्यालाच विचारू."

पूल ओलांडून तिघं पलीकडे गेले. कारखान्याच्या उतारावर एक होडी आडवी करून ठेवली होती. मामा पात्यानं तिच्या तळाचा जुना रंग खरवडत होता. लाल कपच्यांचा सडा थेट पाण्याच्या कडेपर्यंत पडला होता.

"मामा, हे झाडत नाहीस?" खारूनं विचारलं.

"झाडू कशाला? भरती येते, अंगण झाडून जाते! माझ्या बापानं कधी केरसुणी हातात धरली नाही. होडी खाली ओढायची, पाणी चढायच्या आत खरवडायची, की काम फत्ते!"

"आणि भरती ते नेते कुठे?"

"समुद्रात! गेलेलं परत येत नाही, बाई."

"आलं तर? लाव पैज!"

"लावली!" मामा गडगडून हसला. "हरलो तर तू म्हणशील ते करीन!"

मामा पात्याला धार लावायला आत वळला. खारूनं डब्याला कोपरानं ढोसलं. पायरीशी मामाच्या रबरी चपला होत्या, उजवीचा अंगठा तांब्याच्या तारेनं शिवलेला. उजवी चप्पल डब्याच्या सदऱ्याखाली गेली आणि तिथून कपच्यांच्या ढिगात!

भरती आली. चप्पल डुलत डुलत निघाली आणि तिघं काठाकाठानं खडकांवरून धावत सुटले. गुडघे फुटले, तरी धावले. पण काठालगतच्या उलट्या ओढीनं चप्पल निघाली थेट खाडीच्या तोंडाकडे!

"गेली!" डबा रडकुंडीला आला. "पैज पण गेली आणि मामा मला सोलून काढणार!"

पण तोंडाशी आत घुसणाऱ्या पाण्यानं तिला थडकावलं. ती गर्रकन फिरली आणि मावशीच्या काठाला लागून आत येऊ लागली. ओहोटी लागल्यावर तिघं पूल ओलांडून अलीकडे आले, तेव्हा ती काठ्यांमध्ये अडकून चिखलात बसली होती. मावशीच्या वाफ्यात!

"अगं बाई, ही कुणाची?" मेलेले शिंपले टोपलीत भरता भरता मावशीनं विचारलं.

घारू मामाला बोलवायला धावला. मामा एका पायात चप्पल घालून लंगडतच आला. "कुठल्या गाढवानं माझी..." त्याला वाफा दिसला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. "ही इथे कशी?"

"यांच्याबरोबर आली," खारू म्हणाली. तिनं मूठ उघडली. "मामा, तू हरलास."

मामानं कपचे बोटांवर घेतले. मग तो आ वासलेल्या शिंपल्यांकडे बघत मटकन चिखलातच बसला.

"ताई... मीच गं. तुझ्या दारात विष ओतत होतो मी."

मावशी टोपली भरत राहिली, आणि मामाला ते शिव्यांपेक्षा जड गेलं.

पुढे ही बातमी बंदरावर पोचली आणि तिथले मोठे साहेब आले. खाडीकाठच्या सगळ्या कारखान्यांना हुकूम सुटला, ताडपत्री अंथरल्याशिवाय कुणी पातं हातात धरायचं नाही! साहेबांनी तिघांची पाठ थोपटली. "शाब्बास! मोठ्यांना जे दिसलं नाही ते तुम्ही दाखवलंत!"

"वाफा परत कधी लागेल?" घारूनं विचारलं.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "चिखलात वर्षानुवर्षं साठलेलं विष आहे, बाळ. निघायलाही वर्षं जातील."

मग त्या शाबासकीचं तिघांनाही काही वाटेनासं झालं.

सुट्टी संपली त्या दिवशी मावशीनं घराला कुलूप लावलं. घारू ट्रंकेवर बसला होता. मोरीपाशी सापडलेले जिवंत शिंपले तिघांनी सकाळीच खाडीच्या तोंडाशी, स्वच्छ वाळूत पुरले होते. जगतील की नाही, कुणालाच माहीत नव्हतं.

मामा दाराशी मान खाली घालून उभा होता. "खारू, तू पैज जिंकलीस. सांग, काय करू?"

खारूला रडू फुटलं. "मावशीला थांबव!"

"ते माझ्या हातात राहिलं नाही गं," मामा म्हणाला.

मावशीनं किल्ली भावाच्या लाल नखांच्या हातात ठेवली.

"घर झाडत जा अधूनमधून," ती म्हणाली. "पण आधी तुझं अंगण."

मामा आपल्या काठाला परतला, मग बऱ्याच वेळानं गाडी सुटली. ती वळणावर आली तेव्हा खारूनं मागे वळून पाहिलं. पलीकडच्या काठावर भरती चढत होती आणि तिच्यापुढे पाठ वाकवून, हातात केरसुणी घेऊन, मामा घाईघाईनं उतार झाडत होता.