दुसरं व्हायोलिन

साल्झबर्गजवळच्या त्या गावात चर्चमधला रविवारचा मिस्साविधी कधी लांबायचा नाही. फादरांनाच घाई असायची. बायबलमधलं पत्रवाचन झालं की शुभवर्तमानाआधी दोन व्हायोलिनं आणि ऑर्गन मिळून छोटासा सोनाटा वाजवत, तेवढीच काय ती चैन. गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी रूपर्ट वारला आणि तेही बंद पडलं. दुसरं व्हायोलिन रूपर्टचं, पहिलं त्याच्या भावाचं, कायेतानचं. कायेताननं तेव्हापासून व्हायोलिनची पेटी उघडली नव्हती. जेवणावरची वासनाच उडाली होती त्याची. माणूस डोळ्यांदेखत विझत होता आणि ऑर्गन वाजवणाऱ्या व्हर्जिलला ते बघवत नव्हतं.

ईस्टरनंतरच्या रविवारी त्यानं कायेतानला अक्षरशः ओढत वाद्यांच्या माळ्यावर आणलं.

"रूपर्टचा भाग मी ऑर्गनवर वाजवतो, उजव्या हातानं."

"तुझा उजवा हात? तो डाव्याच्याही मागून चालतो."

"मग घे सांभाळून."

"एकदाच," कायेतान म्हणाला. "नाही जमलं तर हे व्हायोलिन चुलीत घालीन. परत बोलवायला येऊ नकोस."

पत्रवाचन संपलं. दोघांनी सुरुवात केली. कायेतानचा गज आधी थरथरला, मग तारेवर स्थिरावला. व्हर्जिलला हायसं वाटलं.

एवढ्यात ऑर्गननं लांब सुस्कारा टाकला आणि तो मुका झाला.

 हिवाळाभर सोनाटा नव्हता, त्यामुळे ऑर्गनला हवा पुरवणारा भाता तुडवणारा लेन्झ पत्रवाचन सुरू झालं की पाइप ओढायला बाहेर सटकायला सोकावला होता. आज वाजवायचंय, हे त्याला सांगायचंच राहून गेलं. भात्यात उरलेली हवा संपली होती. खिडकीतून तो दिसलाही, दफनभूमीच्या भिंतीवर पाय हलवत बसलेला.

आता संपलंच सगळं. व्हर्जिलनं पट्ट्यांवरून दोन्ही हात उचलले.

दुसऱ्या व्हायोलिनचा भाग चालूच होता.

तारेचा आवाज होता तो, किंचित मागे रेंगाळणारा. कायेतानच्या डाव्या बाजूनं येत होता. तिथे कोणीच नव्हतं. हवेत गजाला लावायच्या राळेचा वास दाटला होता.

खाली कोणी मान वळवली नाही.

कायेताननंही नाही. त्यानं फक्त लय जराशी सैल केली, मागच्याला गाठता यावं म्हणून.

दोन्ही व्हायोलिनं एकदम थांबली.

विधी आटोपल्यावर कायेताननं पेटी बंद केली. कित्येक महिन्यांनी त्याच्या चेहऱ्यावर रंग दिसत होता.

"भूक लागलीय रे सडकून. तुझ्या घरी काय शिजलंय?"

 व्हर्जिलला विचारायचं होतं ते वेगळंच. "चल तर खरा," एवढंच म्हणून तो जिन्याकडे वळला.

जिना अरुंद, एका वेळी एकच माणूस उतरेल इतका. कायेताननं हात आडवा करून त्याला थांबवलं आणि स्वतःही अंग चोरून भिंतीला टेकला.

वरची पायरी करकरली. मग तिच्या खालची. मग आणखी खालची.

"हं," कायेतान म्हणाला, "आता तू."