कारभारीण कऱ्हाटीला गेली आहे

"बाई, हे ताट उचला. आमची कारभारीण आल्याबिगर मी जेवणार न्हाय."

गेणबानं भाकरीचं ताट दूर सारलं आणि जयवंताच्या काळजात पुन्हा एकदा कळ उठली... चाळीस वर्षं त्या माणसाचा संसार जिनं केला, ती त्याची कारभारीण, जयवंता, त्याच्यासमोर हातभर अंतरावर उभी होती.

ट्रॅक्टरवरून पडून डोक्याला मार लागला, त्याला तीन महिने होत आले होते. जखम भरली, चालणं-बोलणं जागेवर आलं. अंथुर्ण्याच्या घरी परतल्यावर गेणबानं गोठ्यातली जनावरं ओळखली, भावकी ओळखली, लेक स्वरूपाला ओळखलं; फक्त बायकोकडे बघून म्हणाला, "दिसायला तिच्यासारखीच हाय, पर ही ती न्हाय." दैवाचा हा कुठला न्याय!

बारामतीच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. मेंदूत चेहरा ओळखणारी जागा शाबूत आहे, पण तिथून मायेच्या जागेकडे जाणारी वाट तुटली आहे. चेहरा ओळखीचा दिसतो, आपलेपणा मात्र जागा होत नाही. मग मेंदूच स्वतःची समजूत घालतो, की हे कुणाचं तरी सोंग असणार. जयवंताला ते तिच्या परीनं कळलं. कालव्याच्या चारीला पाणी होतं, तिच्या उसाच्या सरीपर्यंत ते येत नव्हतं.

"आई, तू आबांना नावानं हाक मारून बघ," स्वरूपा काकुळतीनं म्हणाली. "कायतरी हलंल आतमधी."

जयवंतानं नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं; उखाण्यातसुद्धा ती लाजून नावाच्या अलीकडेच थांबायची. पण त्या दिवशी लाज गिळून ती पुढे झाली. "गेणबा... बघा की माझ्याकडं. मी जयवंता."

गेणबाचा चेहरा कठोर झाला. "घावलीस. माझ्या कारभारणीनं चाळीस वर्सांत माझं नाव घेतलं न्हाय. तिचं डोरलं गळ्यात घालून फिरतीस? काढ आधी."

नवरा जिवंत असताना, त्याच्याच सांगण्यावरून, तिनं गळ्यातलं डोरलं उतरवून त्याच्या हातावर ठेवलं, कारण निदान तेवढ्यावर तरी तो दोन घास खाईल अशी तिची वेडी आशा होती... त्यानं ते कारभारणीसाठी म्हणून पेटीत जपून ठेवलं, आणि जेवला नाही तो नाहीच.

घरामागे उसाच्या कडेला बसून ती पोटभर रडली. मग राहवेना म्हणून तिनं तिथूनच त्याला फोन लावला. "आवं, दोन घास खाऊन घ्या की."

"अगं, कुठं हाईस तू?" गेणबाचा आवाज एकदम ओला झाला. "किती दिस झालं... घरात कोण परकी बाई येऊन बसलीया."

आवाजाची वाट वेगळी होती आणि ती शाबूत होती! समोर गेली की डोळे कानांना खोटं पाडत होते, एवढंच. जयवंतानं पदर तोंडाशी धरला. "कऱ्हाटीला भावाकडं हाय. वैनी आजारी हाय. तवर त्या बाईच्या हातचं खावा."

तो जेवला.

तेव्हापासून रोज दुपारी ताट वाढायचं, खालमानेनं बाहेर पडायचं आणि गोठ्याआड उभं राहून नवऱ्याशी बोलायचं, हेच तिचं आयुष्य झालं. स्वरूपा तिला आपल्या सासरी न्यायला आली. म्हणाली, आबांसाठी बाई ठेवू. "ठेवलेली हाय की," जयवंता म्हणाली आणि भांडी घासायला बसली. आपल्याच विरहात झुरणाऱ्या माणसाला परकी म्हणून धीर द्यायचा, असला एकटेपणा वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

एके दुपारी गेणबा फोनवर बराच वेळ घुटमळला.

"एक सांगायचं हाय. रागावू नको."

"बोला की."

"ही बाई... लई वंगाळ वागलो मी तिच्याशी. पदराआड रडती. तिला वाटतं मला दिसत न्हाय. कोण न्हाय वाटतं बिचारीला. तू आलीस तरी तिला काढू नको. ऱ्हाऊ दे हितंच."

गाईच्या पाठीवर हात टेकून जयवंता कशीबशी म्हणाली, "न्हाय काढत..."

डोळे पुसून ती आत आली. गेणबानं आपल्या ताटातली अर्धी भाकरी मोडून बाजूला ठेवली होती.

"बसा बाई. तुमी बी जेवल्या न्हाईसा अजून."

त्याच्याबरोबर एका ताटात ती आजवर कधीच जेवली नव्हती. त्याचं झाल्यावरच बसायची. जयवंता त्याच्यासमोर बसली, आणि त्यानं पुढे केलेली भाकरी तिनं घेतली.