पायाखालची गोड ओल

ब्रॉनविनच्या एका पत्राला मी उत्तर दिलं नाही. तेवीस वर्षं ते माझ्या शब्दकोशात पडून होतं. पत्रात एकच प्रश्न होता. तो सांगायचा तर आधी त्या दिवशी काय घडलं ते सांगायला हवं. मी तिथं नव्हतो. मी रेडिओवरून शाळा घेणारा मास्तर. माझे विद्यार्थी वाळवंटी मुलखात शेकडो किलोमीटरवर विखुरलेले. हे सगळं मी मागाहून त्या दिवशी गाडीत असलेल्या तिघांकडून ऐकलं. मला ते नीट सांगता येईल, अशी माझी खात्री नाही.

जानेवारीची सुट्टी होती. तेरा वर्षांची ब्रॉनविन आणि तिचा अकरा वर्षांचा भाऊ डार्सी आपल्या कॉलमामाबरोबर ओपलचे रंगीत खडे वेचायला निघाले होते. मामाची जुनी स्टेशन वॅगन, मागे तंबू आणि कुदळी, पुढे ब्रॉनविनच्या पायांशी त्यांचा म्हातारा कुत्रा स्पड. प्रवासाचा दुसरा दिवस उजाडला तेव्हा स्पड पायाखालची चटई चाटत होता.

"कालपासून चाटतोय," ब्रॉनविन म्हणाली. "मामा, ही चटई ओली आहे."

"कॉर्डिअल सांडलंय तुम्ही. गाडी आहे ही, सरबताचं दुकान नाही."

"मी बाटली उघडलीसुद्धा नाही," मागून डार्सी म्हणाला.

"मग स्पडने उघडली असेल. तुझ्यापेक्षा अक्कल आहे त्याला."

ब्रॉनविनने पुन्हा तोंड उघडलं आणि मिटलं. सुट्टी लागण्याआधी रेडिओवर प्रवासाचे नियम घोकून घेतले जात. गाडी बंद पडली तर गाडी सोडायची नाही, हा पहिला. चालवणाऱ्याशी वाद घालायचा नाही, हा दुसरा. पहिला नियम सगळ्या मुलखाचा होता. दुसरा माझा.

मामाने नेहमीप्रमाणे रेडिएटरमध्ये डबाभर पाणी ओतलं. गाडी म्हातारी झाली, तहान लागते तिला, असं तो रोज म्हणे. ते पाणी जातं कुठं, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं.

अकराच्या सुमारास इंजिनाच्या तापमानाचा काटा तांबड्या खुणेला टेकला. मामाने खिडक्या उघडल्या आणि हीटर पूर्ण सोडला. त्या मुलखात सगळेच असं करतात. इंजिनाची धग आत ओढून घ्यायची. माणसं भाजतात, पण इंजिन वाचतं. काटा उतरला. दहा मिनिटांनी पुन्हा चढला. मग थांबायचं, इंजिन निवू द्यायचं, झाकणावर फडकं धरून ते जपून उघडायचं, पाणी ओतायचं आणि हीटर सोडून निघायचं. असं चारदा झालं. वीस लिटरचा कॅन रिकामा झाला.

पाचव्यांदा गाडी थांबली ती एका गंजक्या पिंपाजवळ. ते पिंप कशाची खूण आहे, हे त्या वाटेवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तीन उन्हाळ्यांपूर्वी दोघेजण इथेच गाडी सोडून पायी निघाले होते. दोघेही आठ किलोमीटरच्या आत सापडले. त्यांना पाण्याची गरज उरली नव्हती.

जवळची कूपनलिका एकतीस किलोमीटरवर होती. सावलीत पारा शेहेचाळीस होता आणि सावली फक्त गाडीची होती. त्या वाटेला दुसरी गाडी तीन दिवसांनी आली तर आली. पाच लिटरचा एकच कॅन उरला होता. स्पड उतरला तेव्हा त्याचे मागचे पाय दारू प्यायल्यासारखे लटपटले. उन्हाने झालं असेल, असं सगळ्यांना वाटलं.

तासाभराने मामा म्हणाला, "आण तो कॅन. आता सुसाट काढतो. नाहीच जमलं तर मी चालत जाईन."

ब्रॉनविन कॅनवर बसली.

"ऊठ."

"नाही उठणार."

"ब्रॉन, मी मोठा आहे तुझ्याहून."

"ते पिंपापासून चालत गेले तेसुद्धा मोठेच होते, मामा. वीस लिटर कुठं गेलं ते सांग, मग उठते."

मामाने हात उगारला नाही, एवढंच. तो गाडीच्या सावलीत मटकन बसला.

मुलांचे बाबा गुराढोरांच्या पाणवठ्यांवरचे पंप दुरुस्त करत, त्यामुळे डार्सीला यंत्रांची थोडी जाण होती. त्याने इंजिनातली तेलाची पट्टी ओढून पाहिली. तेल काळं होतं, दुधाळ नव्हतं. धुराड्यातून पांढरा धूर आला नव्हता. म्हणजे पाणी इंजिनाच्या पोटात जात नव्हतं. गाडीखाली वाकून पाहिलं तर वाळू कोरडी. पण त्या उन्हात वाळूवर पडलेला थेंब टिकणार तरी कसा?

"कागदावर डाग राहील," ब्रॉनविन म्हणाली.

तिने सुट्टीतल्या अभ्यासाची वही फाडली. रेडिएटरखाली, पंपाखाली, नळ्यांखाली पानं पसरून त्यांवर दगड ठेवले. डार्सी म्हणाला, माझीही फाड, भूगोलाची. मग ती थांबली, पुढचं दार उघडलं आणि एक पान चटईवर ठेवलं.

"तिथं कशाला?" मामाने विचारलं.

"कॉर्डिअलसाठी."

कॅनमधलं एक डबा पाणी ओतून मामाने इंजिन चालू केलं, हीटर सोडला. पाच मिनिटांनी बंद केलं. बाहेरची सगळी पानं कोरडी होती. चटईवरचं पान हिरवट ओलं झालं होतं. मामाने डॅशबोर्डखाली हात घातला, आणि त्याच्या बोटांवरून थेंब ओघळले.

"हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच," डार्सी हळूच म्हणाला. "इंजिनाचं पाणी त्यात फिरतं. तो फुटलाय. एरवी थोडं झिरपत असेल, पण तू हीटर सोडलास की सगळं पाणी तिकडून..."

"पंचवीस वर्षं मी हेच करतोय," मामा म्हणाला.

ब्रॉनविनने ओलं बोट नाकाशी नेलं. गोडसर वास होता. त्या पाण्यात कूलंट होतं, इंजिन थंड ठेवणारं गोड विष. कूलंटचा डबा कुत्र्यांपासून उंच ठेवायचा, हे तिकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिने मामाकडे पाहिलं. मामाने मान वळवली.

हीटरकडे जाणाऱ्या दोन रबरी नळ्या होत्या. मामाने एक पूर्ण काढून टाकली. दुसरी वाकवून तिची दोन्ही टोकं इंजिनावरच्या दोन तोंडांना बसवली आणि क्लिपा आवळल्या. आता पाणी हीटरला वळसा घालून जाणार होतं. तीन लिटर रेडिएटरला दिलं. उरलेल्यातला आपला घोट ब्रॉनविनने ओंजळीतून स्पडला पाजला. मामाने ते पाहिलं आणि स्वतःचा डबा तिच्यापुढे सरकवला.

एकतीस किलोमीटर तिघेही काट्याकडे बघत होते. काटा हलला नाही.

त्या संध्याकाळी जवळच्या गुरं पाळणाऱ्या मळ्यावरून मामा मुलखाच्या सामाईक रेडिओवर बोलला. सगळा मुलूख ऐकत होता, मीही ऐकत होतो. तो म्हणाला, "या दोघांमुळे आज तिघे जिवंत आहोत. पोरगी सकाळीच सांगत होती. मी ऐकलं नाही." मळ्याच्या मालकीणबाईंनी मुलांची पाठ थोपटली. दूरदूरच्या घरांतून शाबासकीचे आवाज येत राहिले.

स्पड तिसऱ्या दिवशी गेला.

पुढच्या महिन्यात पत्र आलं. 'सर, सकाळी मी गप्प बसले, कारण वाद घालायचा नाही हा नियम होता. मी बोलत राहिले असते तर स्पड वाचला असता का?'

'हो' लिहिलं तर ओझं तिच्यावर. 'नाही' लिहिलं तर खोटं. दुसरा नियम मी त्याच आठवड्यात खोडला. का खोडला, हे मात्र कोणाला सांगितलं नाही.

तेवीस वर्षांनी, या मंगळवारी मी लिहिलं:

'प्रिय ब्रॉनविन, कदाचित वाचला असता. पण तू बोलली होतीस. तुला गप्प करणारे दोघे होते. एकाने त्याच संध्याकाळी सगळ्यांसमोर कबूल केलं. दुसरा मी.'

पाकीट टपालपेटीत पडल्याचा आवाज झाला. तरी मी फटीतून एकदा आत पाहिलं.